डॅशबोर्डच्या कप्प्यातली कागदं

मामांच्या जीपच्या डॅशबोर्डला डाव्या अंगाला एक कप्पा होता. त्याचं झाकण कधीच नीट लागायचं नाही, म्हणून मामांनी त्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधली होती. आत प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत कागदं: आरसी, परमिट, फिटनेस, इन्शुरन्स, टॅक्सची पावती, पीयूसी. त्यावर योगेश्वरीचा फोटो, तंबाखूची अर्धी पुडी आणि चुन्याची डबी. उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी, अंबाजोगाईला गेले की गाडी भरेपर्यंत मी पुढच्या सीटवर बसून ती कागदं काढून वाचत बसायचे. हाताला लागेल ते वाचायची खोड तेव्हापासूनची. सगळ्या कागदांवर एकच नाव होतं आणि ते मामांचं नव्हतं.

"मामा, ह्याच्यात तुमचं नाव कुठंय?"

"माझं नाव लायसनवर," ते खिशावर हात मारत म्हणाले. "गाडीचा अन् माझा काय संबंध माय? मी नुसता चालवतो."

हे 'नुसता चालवतो' काय प्रकरण आहे ते मला फार उशिरा कळलं, तेही पोटापाण्याच्या निमित्तानं. लातूरला एका वकीलसाहेबांच्या ऑफिसात मी गेली सतरा वर्षं टायपिंग करते. ऑफिसातली निम्मी कामं अपघाताच्या दाव्यांची. त्यात मेलेल्या ड्रायव्हरांची कागदं इतकी टाइप केली आहेत की अर्जातला एक परिच्छेद मला झोपेतही पाठ आहे: 'मयत हा जाबदार क्रमांक १ यांच्या मालकीच्या वाहनावर चालक म्हणून नोकरीस होता.' हे एक वाक्य सिद्ध करायला कधी तीन वर्षं लागतात, कधी सहा.

पण आधी मामांची गाडी.

अंबाजोगाई ते लातूर ही त्यांची लाइन. बर्दापूर, रेणापूर आणि मधले सगळे फाटे. १९८८ साली ते किन्नर, म्हणजे क्लीनर, म्हणून चढले, दोन वर्षांत स्टेअरिंगवर आले, मग मालक बदलत गेले, गाड्या बदलत गेल्या, लाइन तीच राहिली. बसस्थानकापासून २०० मीटरच्या आत खासगी गाडीनं प्रवासी घ्यायचे नाहीत असा दंडक, त्यामुळे जीपांचा अड्डा त्या हद्दीच्या किंचित बाहेर. किंचित म्हणजे किती, हे त्या दिवशी चौकात कोण उभा आहे त्यावर. गाड्यांचे नंबर लागलेले असायचे. नंबर आला की हाकारे सुरू: "लातूर, लातूर, लातूर, चला बसा, निघालीच!" निघालेली मात्र कधीच नसायची.

मामा सरळ बसून गाडी चालवताना मी पाहिलेले नाहीत. काळी-पिवळीत ड्रायव्हरच्या उजव्या हाताला, दार आणि ड्रायव्हर यांच्या मधे, आणखी एक सीट बसतं. ज्यानं हे पाहिलं नाही त्याला सांगून पटत नाही. मामांची कंबर तिरकी, अर्धी मांडी सीटवर, डावा पाय क्लचवर कसाबसा पोचलेला, गिअरच्या दोन्ही बाजूंना कुणाचे तरी गुडघे. टॉप गिअर टाकायच्या आधी "पाहुणे, पाय घ्या" म्हणावं लागे. कागदावर नऊ-दहा माणसांची गाडी, आत पंधरा-सोळा. टपावर शेळीचं करडू, सोयाबीनची पोती, एकदा तर नवरीचं कपाट.

एवढी का भरता म्हणून मी विचारलं होतं. तेव्हा मी बारावीत होते, नागरिकशास्त्र ताजं होतं आणि जीभ लांब होती. मामांनी रागवायच्या ऐवजी हिशेब सांगितला. मालकाला रोज ठरलेली रक्कम द्यायची, गाडी भरो न भरो. डिझेल आपलं, पंक्चर आपलं, चौकातली एंट्री, म्हणजे पोलिसांची चिरीमिरी, आपली. "पहिली दहा सीटं मालकाची अन् डिझेलची. वरची पाच माझी. तू म्हणतीस कायद्यानं दहाच घ्या. घेतो. मग मी काय खाऊ?"

ओव्हरलोड गाड्यांवर वर्तमानपत्रात पुष्कळ वाचलं असेल तुम्ही. चालकाच्या बेपर्वाईबद्दल तर दर अपघातानंतर येतंच. हा दहा आणि पाचचा हिशेब कुठे छापून आलेला मी तरी पाहिला नाही.

आमच्याकडे 'हप्ता' हा शब्द दोन अर्थांनी चालतो, एक बँकेचा आणि एक रस्त्यावरचा. मामांच्या बोलण्यात कोणता आहे ते वाक्य संपल्यावर कळायचं. तिसरा शब्द 'उचल'. मावशीच्या लग्नाला मामांनी मालकाकडून उचल घेतली, ती फिटेपर्यंत दुसऱ्या मालकाकडे जायची सोय नव्हती. बीड जिल्ह्यात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. दसरा-दिवाळीच्या पुढंमागं कोयते निघतात, नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेस्तोवर ऊस तोडायचा. ऊसतोड कामगारांवर निदान मोर्चे निघाले, संप झाले, त्यांच्या नावानं महामंडळ झालं. जीपच्या ड्रायव्हरचीही उचलच असते, पण त्याला कुणी मजूर म्हणत नाही. तो 'ड्रायव्हर' असतो. गळ्यात रुमाल, वर टेपवर गाणी. रुबाबच तेवढा.

रुबाबावरून आठवलं. महाराष्ट्रात रिक्षा-टॅक्सीवाल्यांच्या कपड्यांचा एक नियम आहे, फार कमी लोकांना माहीत असतो. परवाना ज्याच्या नावावर त्यानं स्वतः गाडी चालवली तर पांढरा गणवेश. दुसऱ्याच्या परवान्यावर चालवणाऱ्यानं खाकी. म्हणजे रस्त्यावरनं जाणाऱ्या कुणालाही लांबून कळावं की हा मालक आणि हा नुसता चालवणारा. मामांकडे तीन खाकी शर्ट होते. आजी ते धुताना म्हणायची, "ह्या रंगाला मळ दिसत न्हाई, तेवढंच बरं."

परवाना हा सगळा खेळच वेगळा आहे. थोडं मागं जाते.

आपल्या मराठवाड्याला सरकारी बस ही उर्वरित महाराष्ट्राच्या आधी मिळाली, हे ऐकून पुण्याकडचे लोक जरा दचकतात. पुणे-अहमदनगर ही एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला धावली. हैदराबाद संस्थानात निजामाच्या रेल्वेनं १९३२ मध्येच २७ बसगाड्या घेऊन रस्ता वाहतूक खातं काढलं होतं. वाहतूक सरकारनं करायची, खासगी माणसानं करायची तर परवानगीनं, ही कल्पना आमच्या मातीत जुनी. पुढे १९८८ चा मोटार वाहन कायदा आला आणि त्याच चौकटीत सगळं बसलं. वाटेत थांबत, माणसांची चढउतार करत जाणं ही टप्पा वाहतूक, ती एसटीची. मामांच्या गाडीचं परमिट कंत्राटी वाहतुकीचं, इथून सुटायचं ते तिथं थांबायचं, वाटेत नवी माणसं घ्यायची नाहीत. थोडक्यात, बर्दापूर फाट्यावर भर उन्हात हात करणाऱ्या म्हातारीला गाडीत घेणं हा परमिटचा भंग. मामा रोज दहा वेळा तो करत. एसटी येऊन गेलेली किंवा यायचीच नाही, म्हातारीला दवाखान्यात जायचंय, 'स्वाराती'ची, म्हणजे अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ सरकारी दवाखान्याची, ओपीडी बारा-एकला बंद होणार. दंड झाला तर भरायचा कुणी? परमिट मालकाचं, पण दंड ड्रायव्हरनं, अशी आमच्या लाइनची रीत.

परवाना गाडीला असतो. कायदा त्या बाबतीत किती हळवा आहे बघा. परवानाधारक वारला तर ज्याच्याकडे गाडी येते त्याला तीन महिने तो परवाना स्वतःचा असल्यासारखा वापरता येतो. फक्त तीस दिवसांत कळवायचं आणि मग रीतसर नावावर करून घ्यायचा. म्हणजे परवान्याला वारस असतो. मालकाच्या जागी त्याचा मुलगा येतो आणि मालक होतो. त्या गाडीवर वीस वर्षं चालवणाऱ्याचं काय, हा प्रश्न त्या कलमाच्या डोक्यातच येत नाही. मामांचे दोन मालक असे बदलले. दुसऱ्याच्या मुलानं सातव्या दिवशी गाडीची किल्ली मागून घेतली. त्यात त्याचं काही चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही. गाडी त्याची होती.

आता परवान्यांच्या मर्यादेचं. कायद्याच्या ७४ व्या कलमात सोय आहे. पाच लाखांच्या वर लोकसंख्या असलेल्या शहरांत अशा गाड्यांची संख्या किती असावी ते सरकारला ठरवता येतं. महाराष्ट्रानं १९९७ मध्ये रिक्षा-टॅक्सीच्या नव्या परवान्यांना चाप लावला, तो वीस वर्षं राहिला. २०१७ मध्ये काढला.

चाप होता तेव्हा काय झालं? ज्यांच्या हाती परवाना होता त्यांचं सोनं झालं. परवाना भाड्यानं द्यायचा, गाडी पाळीवर द्यायची, घरी बसून रोजचे पैसे मोजायचे. संभाजीनगरला, तेव्हाच्या औरंगाबादला, मी कॉलेजात असताना ज्या रिक्षातून जायचे त्यातला चालक सकाळी सहा ते दुपारी दोन चालवायचा, दोनला दुसरा चढायचा. इंजिन गार व्हायचं नाही. दोघांच्याही अंगात खाकी. मालकाला त्यातल्या एकानंही कधी पाहिलेलं नव्हतं, पैसे पानटपरीवर ठेवायचे. न्यूयॉर्कमध्ये हेच ह्याहून मोठ्या आकड्यांत झालं. १९३७ मध्ये टॅक्सींची संख्या बांधून टाकली, गाडीच्या बॉनेटवर ठोकायचा पत्र्याचा बिल्ला हाच परवाना, आणि २०१४ च्या सुमाराला त्या बिल्ल्याची किंमत दहा लाख डॉलरच्या वर गेली. परदेशातून आलेल्या चालकांनी कर्ज काढून ते बिल्ले घेतले. मग अ‍ॅपच्या गाड्या आल्या, किंमत कोसळली, कर्ज राहिलं. २०१८ मध्ये तिथल्या टॅक्सीचालकांच्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या. मी त्या लातूरच्या ऑफिसात बसून वाचल्या. कर्ज आणि आत्महत्या हे शब्द एकत्र वाचण्याची मराठवाड्यातल्या माणसाला सवय असते, तरी मान वर करून खिडकीबाहेर बघावं लागलं.

आणि चाप काढल्यावर? माझा मामेभाऊ संभाजीनगरला वाळूजच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे होता. २०१७ नंतर परवाना सहज मिळतोय म्हटल्यावर त्यानं कर्ज काढून रिक्षा घेतली. पहिल्या दिवशी पांढरा शर्ट घालून फोटो पाठवला. मामांनी तो फोटो लाइनवरच्या प्रत्येकाला दाखवला, मला दोनदा दाखवला. पण तशीच रिक्षा त्याच्या गल्लीत आणखी चौघांनी घेतली होती. क्रांती चौकात उभं राहायला जागा नाही, बाबा पेट्रोल पंपाला रांग, सिडकोत रांग. भाडं तेवढंच, गाड्या दुप्पट दिसायला लागल्या. दोन हप्ते थकले की गाडी ओढून नेतात, ह्या धास्तीनं तो चौदा-चौदा तास चालवायला लागला. पांढऱ्या शर्टाला मळ लगेच दिसतो.

म्हणून मर्यादा असावी की नसावी ह्या वादात मला कुठल्याही बाजूनं उभं करा, मी भांडू शकते आणि मलाच पटत नाही. मर्यादा ठेवली की कागदाला भाव येतो, काढली की कर्ज देणाऱ्याला गिऱ्हाईक मिळतं. चालवणाऱ्याच्या रोजाचा, तासांचा, कंबरेचा विषय दोन्ही वेळा बाजूलाच. गाड्या किती असाव्यात हे मोजायला कलम आहे. माणसानं किती तास चालवावं ह्यालाही कायदा आहे, पण तो आमच्या लाइनपर्यंत पोचत नाही.

का पोचत नाही ते वकीलसाहेबांनी मला एकदा चहा पिताना बोटांवर मोजून दाखवलं होतं. १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा, जो नोव्हेंबर २०२५ पर्यंत होता: दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, पाच तास चालवल्यावर अर्धा तास विश्रांती. वाचून डोळे भरून येतात. पण पाच किंवा जास्त कामगार असले तर. कामगारांच्या राज्य विमा योजनेला दहा लागतात, भविष्य निर्वाह निधीला वीस. आमच्याकडचा मालक म्हणजे एक गाडीवाला शिक्षक, दोन गाड्यांवाला किराणा दुकानदार, फार तर तीन-चार गाड्यांचा एखादा माजी सरपंच. कुणाचीच बेरीज पाचापर्यंत जात नाही आणि जायला लागली की पाचवी गाडी मेव्हण्याच्या नावावर होते. किमान वेतनाच्या १९४८ च्या कायद्यात सार्वजनिक मोटार वाहतूक पहिल्यापासून होती, तिथं संख्येची अडचणही नव्हती. पण पगार मागायला आधी पगार असावा लागतो. मामांना पगार नव्हताच, उलट तेच मालकाला रोज देत होते. मग ते नोकर कसे? भाडेकरू म्हणायचं का?

लातूरच्या मोंढ्यात हमाल पाठीवर पोती वाहतात. त्यांचाही एक मालक नसतो, आज ह्या अडतीवर, उद्या त्या. तरी १९६९ च्या माथाडी कायद्यानं मार्ग काढला. मंडळ करा, सगळ्या व्यापाऱ्यांनी मजुरी आणि वरची लेव्ही मंडळात भरायची, मंडळ हमालाला मजुरी, फंड, बोनस देईल. मालक एक नसला तरी कामगार कामगारच राहतो, हे ह्या राज्यानं पन्नास वर्षांपूर्वी मान्य केलेलं आहे. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायतीबरोबर रिक्षा पंचायतही उभी केली, त्यांना ह्या दोघांतलं साम्य दिसलं होतं. आमच्या अड्ड्यावर पंचायत नाही, युनियनच्या नावाचा एक फलक आहे. त्यावर दरवर्षी जयंतीचा बॅनर लागतो.

आता ऑफिसातली गोष्ट. ओळख पटू नये म्हणून गाव-साल सांगत नाही.

चाळिशीतला ड्रायव्हर, लग्नाचं भाडं सोडून रात्री रिकामी गाडी घेऊन परत येत होता. रानडुक्कर आडवं आलं, गाडी खड्ड्यात गेली. समोर दुसरी गाडी नाही, त्यामुळे भरपाई मागायची तर आपल्याच मालकाकडे, म्हणजे त्याच्या विमा कंपनीकडे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यानं. (तो आता सामाजिक सुरक्षा संहितेत विरघळला.) सूत्र सोपं आहे: महिन्याच्या पगाराचा निम्मा, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. चाळीस वर्षांना तो आकडा १८४.१७. पगार धरायची कमाल मर्यादा २०२० पासून पंधरा हजार. पगार पंधरा हजार सिद्ध झाला तर १३,८१,२७५ रुपये. कोर्टानं आठ हजारच धरला तर ७,३६,६८०. मधले साडेसहा लाख कशावर ठरणार? पगाराच्या पावतीवर. पावती कुणाकडे असते?

मालकानं कोर्टात येऊन लगेच कबूल केलं, हो, माझाच ड्रायव्हर होता. तुम्हाला वाटेल चांगला माणूस. असेलही. पण पैसे विमा कंपनीनं द्यायचे असले की पुष्कळ मालक चांगले होतात. विमा नसला, किंवा पांढऱ्या पाटीची घरची गाडी भाड्यानं फिरवत असले, की तोच मालक म्हणतो, दोस्त होता, गाडी मागून नेली. आणि गाडी मागून नेलेला माणूस कायद्यानं मालकाच्याच जागी उभा राहतो, सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये तसं सांगितलेलं आहे. स्वतःच मालक, मग भरपाई कुणाकडून मागणार? आयुष्यात ज्याला मालक होता आलं नाही तो मेल्यावर असा मालक होतो.

ह्या प्रकरणात मालकानं हो म्हटलं, पण कंपनीच्या वकिलांनी हरकत घेतली. नोकरीचा लेखी पुरावा काय? लायसनवर ट्रान्सपोर्टचा शेरा होता का? हा दुसरा प्रश्न पूर्वी फार छळायचा. हलक्या वाहनाचं लायसन असलेला माणूस टॅक्सी चालवत असला की कंपन्या त्यावरच दावा अडवायच्या. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं साडेसात हजार किलोपर्यंतच्या गाडीला वेगळा शेरा नको म्हटलं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठानं तेच कायम केलं. राहिला पहिला प्रश्न. त्या मयत ड्रायव्हरची बायको साक्षीला उभी राहिली तेव्हा मी मागच्या बाकावर होते. डोक्यावरचा पदर दातात धरून ती प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर देत होती, "नगदी द्यायचे." कंपनीच्या वकिलांनी विचारलं, मालकाकडे किती वर्षं? ती म्हणाली, "माझी थोरली सहा महिन्याची होती तव्हापासून." थोरली त्या दिवशी कोर्टात आली होती. बारावीला होती.

शेवटी कामाला आली ती एक खिशातली डायरी. खताच्या दुकानातून फुकट मिळते तसली. त्यात तारीखवार लिहिलेलं: परळी-औरंगाबाद, नाइट हॉल्ट, भत्ता २००, उचल २०००, डिझेल, टोल. मालकाच्या सहीचं काही नाही, पण मालकाच्या टोलपावत्यांशी तारखा जुळल्या. वकीलसाहेबांनी ती डायरी कोर्टापुढे ठेवताना जशी उचलली तशी त्यांनी कधी कुठली पोथीही उचललेली नसेल.

सतरा वर्षांत एकही जिवंत ड्रायव्हर 'मी नोकर आहे, तेवढं लिहून मिळवून द्या' म्हणून आमच्या ऑफिसात आलेला नाही. आला तर आम्ही काय करू तेही मला ठाऊक आहे. चहा पाजू.

मामेभावाचं पुढचं थोडक्यात सांगते, कारण तो विषय हल्ली सगळ्यांना माहीत आहे. रस्त्यावर भाडं मिळेना म्हणून त्यानं रिक्षा अ‍ॅपला जोडली. अ‍ॅपवर त्याला 'पार्टनर' म्हणतात. गेल्या वर्षी कुणा प्रवाशाच्या तक्रारीवरून त्याचा आयडी नऊ दिवस बंद राहिला. तक्रार काय होती ते कळलं नाही, विचारायला माणूस नाही, फोन लावला की यंत्र बोलतं. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमचा मालक शिव्या द्यायचा, पर समोर यायचा." लंडनमध्ये उबरच्या चालकांनी हाच 'पार्टनर' शब्द कोर्टात नेला. १९ फेब्रुवारी २०२१ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की करारात काहीही लिहा, भाडं तुम्ही ठरवता, अटी तुम्ही ठरवता, तर हे तुमचे कामगार. किमान वेतन द्या, पगारी सुट्ट्या द्या. आपल्याकडे राजस्थाननं २०२३ मध्ये अशा कामगारांचा पहिला कायदा केला. केंद्राच्या संहितेत त्यांची व्याख्या आली, कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यायचे असं आलं, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये संहिता लागूही झाली. पैसे कधी दिसतील ते दिसतील, पण मामेभावाला निदान कायद्यात एक नाव मिळालं. गंमत अशी की मामांना अजून नाही. ते अ‍ॅपवर नव्हते, पगारावर नव्हते, पाचांच्या वर नव्हते.

मामांनी चार वर्षांपूर्वी स्टेअरिंग सोडलं. सोडलं म्हणजे मणक्यानं सोडायला लावलं. 'स्वाराती'तल्या डॉक्टरनं एक्सरे बघून विचारलं, तुम्ही एका बाजूला झुकून काम करता का? मामा मोठ्यानं हसले म्हणे. डॉक्टर बिचारा पुण्याचा होता, त्याला उजव्या हाताचं सीट समजावून सांगण्यात पाच मिनिटं गेली.

असंघटित कामगारांची पेन्शन योजना २०१९ मध्ये आली, पण चाळिशीच्या आतल्यांना. मामा पंचावन्न. ई-श्रमची नोंदणी २०२१ मध्ये सुरू झाली, तेव्हा ते एकोणसाठच्या आत होते, मीच मोबाइलवरून करून दिली. कार्ड आलं, ते योगेश्वरीच्या फोटोमागं आहे. अलीकडे राज्य सरकारनं आनंद दिघे यांच्या नावानं ऑटोरिक्षा आणि मीटर टॅक्सी चालकांचं कल्याणकारी मंडळ काढलं तेव्हा मामांनी विचारलं, "माय, आपल्या जीपला मीटर होतं का गं?" मी हसले नाही. तेही हसत नव्हते.

मागच्या महिन्यात शनिवारी ते लातूरला आले. काळी-पिवळीनंच, पण प्रवासी म्हणून. हातात युरियाची रिकामी पिशवी, सुतळीनं बांधलेली. ऑफिसात बाकावर बसून त्यांनी ती सोडली. आत डायऱ्या. खताच्या, बियाण्यांच्या, एका पतसंस्थेच्या, एक एलआयसीची. मोजल्या, सव्वीस भरल्या. मधल्या काही वर्षांच्या नाहीत, एका पावसाळ्यात घर गळलं त्यात गेल्या. मी एक उघडली. १९९७, श्रावण. खेपा चार, सीटं एकसष्ट, डिझेल, मालक, एंट्री, आणि उरलेला आकडा गोलात. पुढं लिहिलं होतं, 'भाचीला वही.'

मी एकदा जेवताना त्यांना त्या दुसऱ्या डायरीची गोष्ट सांगितली होती, कोर्टात कशी कामाला आली ती. त्यांनी ती लक्षात ठेवली असेल हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"कुठं द्यायच्या ह्या?" ते म्हणाले.

वकीलसाहेब कोर्टातून आले, मामांना नमस्कार केला, पिशवीकडे बघितलं. "नवीन मॅटर का? केस नंबर पडला?"

"नाही साहेब, अजून नाही," मी म्हटलं.

पिशवी माझ्या टेबलाखाली आहे. टाइप करताना पाय लागतो.